गळक्या गच्चीचा दावा आणि आमचे वकील

ताबा मिळाल्यानंतर तिसऱ्याच पावसाळ्यात पुण्यातील आमच्या सोसायटीची गच्ची गळू लागली आणि बिल्डरने हात वर केले, तेव्हा आम्ही बांधकामविषयक दावे चालवणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. नोटिशीचा मसुदा करण्याआधी त्यांनी ताबापत्रावरील तारखेवर बोट ठेवले आणि ताब्यापासून ५ वर्षांच्या आत कळवलेला बांधकामातील दोष रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १४(३) नुसार बिल्डरला ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो, हे शांतपणे समजावले. स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या बांधकामाच्या तपासणीचा) अहवाल, ओल आलेल्या भिंतींचे तारखेसह फोटो आणि सर्वसाधारण सभेचा ठराव हाती आल्यावरच त्यांनी महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे तक्रार दाखल केली. सुनावणी पुढे ढकलल्याचे मात्र आम्ही स्वतः विचारल्यावरच कळायचे, हे खटकले. पहिल्या भेटीत लेखी दिलेले शुल्क अखेरपर्यंत एका रुपयानेही वाढले नाही.