पीएसबी की मायकोरायझा? आपल्या चुनखडी रानासाठी
सोलापूर भागातल्या बऱ्याच रानात स्फुरद (फॉस्फरस) असतं पण चुन्यात अडकलेलं, पिकाला मिळतच नाही. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आम्ल सोडून ते अडकलेलं स्फुरद मोकळं करतात, स्वस्त पण आहे, ज्वारी-तुरीच्या 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. पण चुनखडी लई असली की आम्लाचा जोर तिथंच मरतो.

सांगोल्याकडच्या डाळिंबाला मात्र मी मायकोरायझाच म्हणेन, ही बुरशी मुळात शिरते अन् तिचे केसाहून बारीक धागे मुळं पोचत नाहीत तिथनं स्फुरद अन् पाणी ओढून आणतात, पाण्याची ओढ बसली की खरा उपयोग तेव्हाच! फक्त जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, म्हणून लागवडीलाच खड्ड्यात मुळाला लागेल अशी टाका, अन् लगेच वरनं बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) नको.