पैठणी, दोन फ्लॅश आणि एक स्ट्रिपबॉक्स : लग्नसराईभर वापरल्यानंतर

आमचं बहुतेक काम साड्यांच्या फोटोंचं, त्यातही येवल्याच्या पैठण्यांचं. दिवाळीच्या आधी ४०० वॉट-सेकंदांचे (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप), थेट विजेवर चालणारे दोन फ्लॅश घेतले आणि सगळी लग्नसराई ते राबवले. पैसे वसूल झाले, पण त्याचं श्रेय मी फ्लॅशपेक्षा त्यांच्यापुढे लावलेल्या स्ट्रिपबॉक्सला, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या लांबट अरुंद पेटीला, देईन.

पैठणीवर रेशीम आणि जर शेजारी-शेजारी असतात आणि उजेडाला दोघांचा प्रतिसाद वेगळा. समोरून लाइट मारला की जर एकतर पांढरीफटक पडते, नाहीतर मातकट पिवळी दिसते. धूपछांव पैठणीत तर ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. उजेडाची दिशा हलली की साडीचा रंगच बदलतो. ‘फोटोतला रंग आला नाही’ म्हणून साडी परत येते, त्यामागे अनेकदा हेच असतं.

३० बाय १२० सेंमीचा स्ट्रिपबॉक्स ग्रिडसकट (उजेड बाजूला सांडू न देणारी जाळी) पदराच्या एका बाजूला, उजेड कापडाला जवळजवळ घासून जाईल इतका तिरपा लावा. समोरच्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्मोकोल. पदरावरच्या मुनिया (पोपट) आणि बांगडी-मोर (वर्तुळातले मोर) असे उठून येतात की विणकराचा हात दिसतो. मला या सगळ्या खरेदीतला सर्वांत मोठा आनंद याचाच आहे. ९५ सेंमीचा ऑक्टाबॉक्स (तशीच अष्टकोनी पेटी) साडी नेसलेल्या मॉडेलच्या चेहऱ्यावर सुरेख पडतो, पण पसरलेल्या पदराला तो सपाट करून टाकतो.

अंतर मात्र सांभाळावं लागतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. लांब स्ट्रिपबॉक्स अगदी जवळ असेल तर घट थोडी कमी, तरी पदराची अलीकडची कड आणि पलीकडची कड यांतला फरक डोळ्यांत भरतो. दोन मीटर मागे नेला की काठापासून काठापर्यंत एक्स्पोजर बरंच सारखं होतं. मग एफ-११ वर (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) काम करायचं तर ताकद लागते. म्हणून ४०० चा फ्लॅश.

लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावल्यास रेशमाची चमक आटोक्यात येते, जरीवर फारसा परिणाम होत नाही. लाइटवरही पोलरायझिंग फिल्म लावली की जर काळवंडते. पैठणीसाठी तो मार्ग मी सोडून दिला.

उणिवा दोन. ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६ च्या खाली जात नाही, त्यामुळे जवळून एफ-२.८ वर (छिद्र मोठं ठेवून) पोर्ट्रेट काढायला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागतो. आणि ताकद कमी केली की उजेड किंचित पिवळटतो. साडीच्या कामात हे चालत नाही, म्हणून ताकद बदलली की ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या राखाडी कार्डाचा) एक फोटो काढायचाच. पावसाळ्यात काम थंडावलं तरी फ्लॅश अधूनमधून चालू करून चार्ज होऊ द्यावेत. फ्लॅशमधल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरसाठी ते चांगलं.

माउंट (फ्लॅशला पेटी जोडायची कडी) बोवेन्सचाच घ्या. ती ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिचा माउंट बाजारात सगळीकडे टिकून आहे. फ्लॅश बदलला तरी सॉफ्टबॉक्स (स्ट्रिपबॉक्स, ऑक्टाबॉक्स अशा पेट्या) कामात येतात. बजेट कमी असेल तर एक फ्लॅश, एक स्ट्रिपबॉक्स आणि थर्मोकोल एवढ्यावर सुरुवात करा, दुसरा फ्लॅश नंतर घ्या. घेताना ग्रिड सोबत येतो का ते आधी विचारा. नंतर त्याच मापाचा सुटा मिळेलच असं नाही.