सहाशे नव्व्याण्णव रुपयांचा ट्रिमर

गेल्या वर्षी वॅक्सिंगनंतर काखेत वारंवार पुळ्या येऊ लागल्या, म्हणून मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. केस मुळापासून उपटले की नवा केस कधी कधी त्वचेच्या आतच वळतो आणि तिथे सूज येते, असे समजावून सांगत त्यांनी काही महिने वॅक्सिंग बंद ठेवण्याचा आणि ट्रिमरने केस बारीक कापण्याचा सल्ला दिला. सल्ला योग्य होता. तो अमलात आणताना मी दोनदा फसले आणि दोन्ही वेळा लोभापेक्षा माझा संकोचच मला अधिक महागात पडला.

आमच्या पेठेतील इलेक्ट्रिकच्या दुकानाचे मालक सासऱ्यांचे मित्र आहेत. त्यांच्यासमोर उभे राहून बायकांचा ट्रिमर मागण्याचे धाडस मला झाले नाही, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर मी मोबाइलवर शोधू लागले आणि दुसऱ्याच दिवशी तशा जाहिराती माझ्यासमोर येऊ लागल्या. त्यांपैकी एकीतील नाव प्रसिद्ध कंपनीच्या नावासारखे होते, फक्त एका अक्षराचा फरक होता. 2,499 रुपयांवर काट मारून खाली 699 लिहिले होते आणि सवलत संपायला दहा मिनिटे उरल्याचे दाखवणारे घड्याळ उलटे धावत होते. (पुढे मी ते पान चार वेळा उघडले, प्रत्येक वेळी दहाच मिनिटे उरलेली होती.) संपूर्ण शरीरासाठी, पाण्यातही चालणारा, एकदा चार्ज केल्यावर 90 मिनिटे चालणारा आणि नियमित वापराने केस येणे कायमचे थांबवणारा, असे त्याचे वर्णन होते. या शेवटच्या दाव्यापाशीच मी थांबायला हवे होते. ट्रिमर त्वचेवरचा केस कापतो, मुळाला हात लावत नाही. त्यामुळे केस यायचे थांबत नाहीत आणि कापल्याने ते दाट होतात, असे आजीपासून ऐकत आलो असलो तरी तसेही होत नाही.

वस्तू घरी आल्यावर पैसे देण्याची सोय होती, म्हणून मी निर्धास्त होते. पार्सल आणणाऱ्या मुलाला मी खोके उघडून पाहू का, असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, आधी पैसे द्यावे लागतील, उघडून दाखवायची आम्हाला परवानगी नाही." त्याची काही चूक नव्हती, पार्सलमध्ये काय आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

आत गुलाबी प्लॅस्टिकची, हाताला हलकी लागणारी वस्तू होती. ट्रिमरमध्ये एक पाते स्थिर असते आणि दुसरे त्यावर घासून सरकत असते. दोन्ही नीट चिकटून चालली तरच केस कात्रीत सापडल्यासारखा कापला जातो. माझ्या यंत्रातील दोन पात्यांमध्ये उजेड दिसत होता. हातावर फिरवून पाहिले, तर केस कापले न जाता अडकून ओढले जाऊ लागले. तरीही सवय नसल्यामुळे असे होत असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी ते काखेत वापरले. तिथली त्वचा सैल असते, ती दुसऱ्या हाताने ताणून धरावी लागते, हे मला ठाऊक होते आणि मी ताणून धरलीही होती. पण फटीत त्वचा चिमटली आणि नखाएवढी जखम झाली. सातव्या मिनिटाला यंत्र बंद पडले.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या भाच्याने स्क्रू काढून ते उघडले, तेव्हा आत नाव नसलेला बोटाएवढा एक सेल आणि दोन तारा निघाल्या. सांध्यात पाणी अडवणारी रबरी कडी नव्हती. "मामी, हे ओल्या हाताने धरू नका," एवढेच तो म्हणाला. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष यांपैकी काहीही नव्हते, फक्त "मेड इन पी.आर.सी." असे होते. पी.आर.सी. म्हणजे चीनच, पण तेही आडवळणाने. वेष्टनात येणाऱ्या मालावर हा सगळा तपशील छापणे कायद्याने बंधनकारक आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

संकेतस्थळावर दूरध्वनी क्रमांक नव्हता, म्हणून मी तो इंटरनेटवर शोधला आणि इथे दुसऱ्यांदा फसले. पलीकडच्या माणसाने आधी, स्वच्छतेच्या कारणास्तव अशी वस्तू परत घेतली जात नाही, असे ठणकावले. ते साफ खोटे होते. ई-वाणिज्याच्या 2020 च्या नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. नंतर त्याने ट्रिमर नेमका कुठे वापरला, कुठे कापले, असे प्रश्न मोठ्या आवाजात विचारायला सुरुवात केली. दिवाणखान्यात सासरे वर्तमानपत्र वाचत होते. हा फोन कसाही करून संपावा, एवढेच मला वाटत होते आणि त्यालाही बहुधा तेच हवे होते. त्याने क्यूआर कोड पाठवला, तो स्कॅन करून रकमेच्या रकान्यात परताव्याचा सांकेतिक क्रमांक म्हणून 4986 टाकायला आणि मग पिन द्यायला सांगितले. मी तसे केले आणि माझ्या खात्यातून 4,986 रुपये गेले. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे मी स्वतः सासूबाईंना शिकवले होते.

वीस मिनिटांनी मी सायबर फसवणुकीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर फोन केला. तिथे व्यवहाराचा क्रमांक, बँकेचे नाव आणि वेळ विचारतात; ते आधीच कागदावर लिहून ठेवले तर बोलणे लवकर होते. तोपर्यंत रक्कम पुढच्या खात्यात गेली होती. ट्रिमरविषयी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येते. ही हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते, पण माझ्या बाबतीत ते संकेतस्थळच नाहीसे झाले होते. हाती उरले ते पार्सलवरचे लेबल. त्यावर पाठवणाऱ्याचे भलतेच नाव आणि दुसऱ्या राज्यातील एका गोदामाचा पत्ता आहे. रिकामी पिशवीसुद्धा फेकू नये, असे मी सांगते ते याच कारणासाठी. ग्राहक आयोगात जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. त्या लेबलाच्या आधारे मी अर्ज तयार करत आहे. वस्तूचे वर्णन लिहायच्या रकान्यात पहिल्यांदा मी "घरगुती उपकरण" असे लिहिले होते. ते खोडून "स्त्रियांनी काखेतील व जांघेतील केस कापण्याचे विजेरी यंत्र" असे लिहिले.

दुसरा ट्रिमर मी अखेर त्याच पेठेतल्या दुकानातून घेतला. काकांनी खोके उघडले, यंत्र चालू करून माझ्या हातात दिले, पाती काढून धुवायची कशी ते दाखवले आणि पक्क्या बिलावर शिक्का मारून वॉरंटीच्या कार्डावर तारीख घातली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती आणि त्यांनी आमच्याकडे वळूनही पाहिले नाही.