डिफोस्कोप: आठ महिने वापरल्यानंतर

आमचं फर्मवेअर सी भाषेत आहे. कमिट (सोर्सची नोंदलेली आवृत्ती) तोच, जीसीसी कंपायलर तोच, दोन्हीकडे उबुंटू २०.०४, तरी माझ्या मशीनवरच्या बिल्डचा हॅश (फाइलचा ठसा) वेगळा आणि सर्व्हरवरचा वेगळा. ‘क्लीन करून परत बिल्ड मार’ हा आमचा वर्षानुवर्षांचा उपाय. हॅश फक्त फरक आहे एवढंच सांगतो, तो कुठे आहे ते सांगत नाही.

डिफोस्कोप नेमकं तेच दाखवतं. डेबियन या लिनक्सच्या रिप्रोड्युसिबल बिल्ड्सच्या (तोच सोर्स दिला की हुबेहूब तीच बायनरी) कामातून आलेलं हे टूल. दोन फाइली दिल्या की ते टार उघडतं, आतली बायनरी उघडतं, तिचे सेक्शन सोडवतं आणि फरक सापडेपर्यंत खाली उतरत जातं. पहिल्याच दिवशी रोडेटा सेक्शनमध्ये (न बदलणारा डेटा असतो तिथे) एकाखाली एक दिसलं: १४:०२:११ आणि १४:०९:३७. व्हर्जनच्या स्ट्रिंगमध्ये कुणीतरी बिल्डची वेळ घातली होती. सोर्स_डेट_इपॉक (बिल्डला ठरावीक वेळ देणारं व्हेरिएबल) सेट केलं, मिटलं. जीसीसी हे व्हेरिएबल आवृत्ती ७ पासून पाळतं. डीबग माहितीत होम फोल्डरचा पाथ शिरला होता, तो जीसीसीच्या फाइल-प्रीफिक्स-मॅप या पर्यायाने गेला.

तिसऱ्या फरकाने मात्र दोन आठवडे खाल्ले. डिसअसेंब्लीत (बायनरीतल्या मशीन कोडच्या वाचता येणाऱ्या रूपात) हजारो ओळी लाल-हिरव्या, आणि इथे टूल कारण सांगत नाही. शेवटी सिम्बॉल टेबल (फंक्शन-व्हेरिएबलच्या नावांची यादी) शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं: नावं तीच, क्रम वेगळा. बिल्ड चालवणाऱ्या मेकचं वाइल्डकार्ड (फाइलींची नावं गोळा करणारं फंक्शन) आवृत्ती ३.८२ पासून फाइली क्रमाने लावत नव्हतं, ४.३ मध्ये क्रम लावणं परत आलं. आमच्याकडे ४.२.१. म्हणजे डिरेक्टरी ज्या क्रमाने फाइली देईल त्याच क्रमाने लिंकिंग (फाइली जोडून बायनरी करणं), आणि दोन डिस्कवर तो क्रम सारखा नव्हता. त्यात एकाच नावाची दोन वीक फंक्शनं (दोनदा असली तरी लिंकर तक्रार करत नाही अशी) होती. लिंकर पहिलं भेटेल ते उचलतो. ग्राहकाकडे येणारा आणि माझ्याकडे कधीच न येणारा बग हाच होता! मेकफाइलमध्ये सॉर्ट टाकलं, एक फंक्शन काढून टाकलं.

तक्रारी आहेतच. मोठ्या इमेजवर ते रॅम भरपूर खातं, तासभरही चालतं. पूर्ण पॅकेज ढीगभर डिपेंडन्सी ओढतं. डिफोस्कोप-मिनिमल घ्या, लागेल ते वेगळं टाका.

आता रोज रात्री दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या टाइमझोनमध्ये बिल्ड होतं आणि दोन्ही डिफोस्कोपला दिली जातात. गेल्या आठवड्यात जीझिपच्या हेडरमधली वेळ सापडली. जीझिपला ती वेळ न लिहिण्याचा ‘एन’ पर्याय द्यायचा राहिला होता.