मुंडणाच्या आवाहनाआडून झालेली फसवणूक

बालकर्करोगाच्या संशोधनासाठी डोके भादरून देणग्या गोळा करण्याचा प्रघात अमेरिकेत सेंट बाल्ड्रिक्स या संस्थेमुळे रुजला. 17 मार्च 2000 रोजी न्यूयॉर्कमधील पुनर्विमा व्यवसायातील काही मंडळींनी 17 डोकी भादरून 17 हजार डॉलर जमवायचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात एक लाखाहून अधिक डॉलर जमा झाले. दर मार्चमध्ये अशी आवाहने येतात आणि आम्ही न्यू जर्सीतील मराठी कुटुंबे त्यांना आनंदाने प्रतिसाद देतो. याच विश्वासाचा फायदा घेऊन आमच्यापैकी काही जणांना लुबाडण्यात आले.

आमच्या व्हॉट्सॲप गटात एका शाळकरी मुलाच्या नावाने आवाहन आले. वर्गमैत्रिणीला रक्ताचा कर्करोग झाला असून केमोथेरपीने तिचे केस गेले आहेत, म्हणून तोही मुंडण करणार आहे, असे त्यात लिहिले होते. सोबत तशाच एका कार्यक्रमातला फोटो होता. आपल्याकडे मुंडण म्हटले की घरातले सुतक किंवा तिरुपतीचा नवस आठवतो. मैत्रिणीसाठी केस उतरवणाऱ्या मुलाचे म्हणूनच फार कौतुक वाटले. सेंट बाल्ड्रिक्सच्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरल्यास शुल्क कापले जाते, त्याऐवजी झेलवरून (एका बँक खात्यातून दुसऱ्यात लगेच पैसे पाठवण्याची अमेरिकेतील सेवा) थेट पाठवावेत, म्हणजे सर्वांची रक्कम एकत्र भरता येईल, अशी सूचना शेवटी होती. मी 250 डॉलर पाठवले.

250 डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर करसवलत हवी असेल, तर संस्थेची लेखी पोच लागते. ती मागितल्यावर आधी ‘कार्यक्रम झाल्यावर मिळेल’ असे उत्तर आले आणि नंतर तो क्रमांकच बंद झाला. सेंट बाल्ड्रिक्सच्या संकेतस्थळावर सहभागी व्यक्तींची नावे शोधता येतात. तिथे तो मुलगा नव्हता. फोटोचा शोध घेतला, तेव्हा तो दुसऱ्या राज्यातील एका जुन्या, खऱ्या कार्यक्रमातला निघाला. कुणाच्या तरी लेकराचा चेहरा या कामासाठी चोरला गेला, याचा संताप मला पैशांपेक्षा अधिक आहे. रक्कम मी स्वतःच्या संमतीने पाठवलेली असल्यामुळे बँकेने ती परत मिळवून देण्यास नकार दिला.

संस्था नोंदणीकृत आहे, एवढ्यावरही भागत नाही. मे 2015 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकी सरकारी संस्था) सर्व 50 राज्यांसह कर्करोगाच्या नावाने देणग्या घेणाऱ्या चार संस्थांविरुद्ध 18.7 कोटी डॉलरच्या फसवणुकीचा खटला भरला होता आणि त्यांपैकी एक संस्था मुलांच्या कर्करोगासाठी काम करत असल्याचे सांगत होती. म्हणून आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर विभागाच्या, संकेतस्थळावर संस्थेची करमुक्त नोंद पाहावी, तिचा ‘फॉर्म 990’ हा वार्षिक हिशेबाचा अर्ज उघडून प्रत्यक्ष कार्यावर किती खर्च होतो ते वाचावे आणि देणगी फक्त संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच द्यावी. ज्यांनी असेच पैसे पाठवले असतील, त्यांनी संदेश व व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवून त्याच दिवशी बँकेला कळवावे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवावी.