गायरानाला आधी काय हवं: चराईबंदी, पाळीची चराई की चर-झाडं?

पाऊस 500-600 मिलिमीटर, वर मुरूम, खाली कातळ, आणि उन्हाळ्यात नुसता तरवड नि वाळलेल्या टाकळ्याचे खुंट. अहिल्यानगर, सोलापूर, पूर्व सांगलीकडची बरीच गायरानं आज अशी दिसतात. ग्रामसभेत विषय निघाला की तीनच उपाय पुढे येतात: रान बंद करा, पाळी लावून जनावरं चारा, नाहीतर चर खोदून झाडं लावा. कौल देण्याआधी ऑगस्टअखेर रानात एक चक्कर मारा.

सरळ रेषेत 100 पावलं चाला. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकासमोर काय आलं ते टिपा: बहुवर्षायू गवताचा ठोंब, एकवर्षायू गवत, तण की उघडा मुरूम. ओळख सोपी आहे. एकवर्षायू गवत एका ओढीत मुळासकट हातात येतं. शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी या बहुवर्षायू गवतांचा ठोंब हलत नाही आणि बुडाशी गेल्या सालचे काळपट धसकट असतात. अशा चार-पाच रेषांत शंभरातले पंधरा-वीस ठोंब मिळाले तर रान मेलेलं नाही, दमलेलं आहे. मग निवड पहिल्या दोन उपायांतच करावी.

चराईबंदीचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो. ठोंब जिवंत असले तर दोन-तीन पावसाळ्यांत गवत दाटतं. हिवरे बाजारला ती टिकली, कारण तिथं गवत बंद नव्हतं, जनावराचं तोंड बंद होतं. विळ्यानं कापून न्यायला मोकळीक होती. हा धागा सुटला की बंदी सुटते. कापणीची वेळही चुकते. कुसळीला कुसळं धरली की ती मेंढीच्या तोंडात, कातड्यात घुसतात, म्हणून कुसळीचे पट्टे फुलोऱ्यातच कापा. शेडा-पवन्याचे काही पट्टे मात्र बी झडेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, हात न लावता ठेवा. विळा जमिनीपासून चार बोटं वर चालवा. बूड खरवडलं की ठोंब जातो. आणि तीन-चार वर्षं काहीच कापलं नाही तर वाळक्या गवताचा थर खालच्या फुटव्यांना गुदमरवतो, वणव्यालाही आमंत्रण मिळतं. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, जानेवारीतच काढलेली बरी.

खरी अडचण शेळीवाल्या भूमिहीनांची. त्यांना कापलेल्या गवताचा वाटा मिळाला नाही तर रात्री रान चरलं जातं, किंवा तोच कळप शेजारच्या गावाच्या माळावर जातो.

पाळीची चराई माणसांना जास्त मानवते, पण हिशेब कडक लागतो. 300 किलोच्या गाईला रोज 7 किलो सुका चारा, म्हणजे वर्षाला अडीच टन. हेक्टरी 2 टन गवत देणारं 40 हेक्टर रान धरा. त्यातलं निम्मं जमिनीवर राहायला हवं, म्हणजे हाती 40 टन. वर्षभर सोळा गाई, चारच महिने चारलं तर अठ्ठेचाळीस. गावात दीडशे जनावरं असतील तर पाळी कागदावरच राहते. आकडा बसत असेल तर रानाचे चार भाग करा आणि दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा. उरलेल्या भागांतही पहिल्या पावसानंतर गवत वीतभर होईस्तोवर कळप घालू नका. कोवळ्या कोंबावर पडलेलं तोंड सर्वांत महागात जातं. पाणवठा एकाच कोपऱ्यात असेल तर तो कोपरा कायम उजाड राहतो.

मेंढपाळांशी बोलणी उशिरा होतात, हे नेहमीचंच. धनगरांचे बरेच वाडे (कळपांसह फिरणारे तळ) दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्यात इकडच्या माळावर असतात, म्हणजे नेमके गवताच्या वाढीच्या दिवसांत. पाळी ज्येष्ठातच, त्यांना समोर बसवून ठरवा.

तिसरा उपाय लोकप्रिय आहे, कारण त्याचं मोजमाप करता येतं: इतके मीटर चर, इतके खड्डे, इतकी मजुरी. वाढलेल्या ठोंबांचं मस्टर निघत नाही. पण 60 सेंटिमीटर रुंद चर आणि त्याचा भराव मिळून दीड मीटर पट्टा उलथतो. दर 5 मीटरला चर घेतला तर तीस टक्के रान खणलं जातं. भरावावर आधी टाकळा आणि गाजरगवतच येतं. गिरीपुष्प, सुबाभूळ दाट लावली की सावलीत ही गवतं विरळ होतात आणि माळढोक, तणमोर, लांडगा यांचं उघडं रान जातं. जित्या गवतावर चर म्हणजे आमच्या मते नुकसानच.

मात्र ठोंब जवळजवळ नाहीत, घळी पडल्यात, पाणी पडताच वाहून जातं, अशा तुकड्यात चर हवेतच. तिथं भरावावर झाडांऐवजी गवत लावा: मारवेलचे ठोंब, अंजन गवताचं बी हेक्टरी 5-6 किलो, जोडीला स्टायलो हे चाऱ्याचं द्विदल. अंजनचं ताजं बी नीट उगवत नाही. सात-आठ महिने साठवलेलं घ्या. ते हलकं, केसाळ असतं, म्हणून ओलसर मातीत मिसळून फेका आणि काटेरी फांदी फिरवा. सेंटिमीटरभराहून खोल गेलं तर कोंब वर येत नाही. स्टायलोचं बी कठीण. 80 अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून मग पेरा. पेरलेल्या तुकड्यात पहिल्या वर्षी जनावर नको, आणि नोव्हेंबरपर्यंत विळाही नको.