ओझोन आणि प्लॅस्टिक: करारावर भिस्त ठेवावी की स्वतः हात घालावा?

पर्यावरणासाठी काही करायचं मनात आहे, पण आपल्या एकट्यानं काय होणार, हे तर सरकारांचं काम, असं वाटून पाय अडत असेल तर ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

ओझोनचा थर वाचला तो मुख्यतः करारामुळे. फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे ओझोनला असलेला धोका मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडला, अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ मध्ये उघड झालं आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. त्याची खरी ताकद दोन कलमांत होती. कराराबाहेरच्या देशांशी या वायूंचा व्यापार बंद झाला, आणि पुढे १९९० मध्ये विकसनशील देशांना तंत्रज्ञान बदलण्यासाठी निधी ठरला. तो ठरल्यावरच, १९९२ मध्ये, भारत करारात आला. फ्रिजचे कारखानेच बदलले. घराघरांत जाऊन कुणाची समजूत काढावी लागली नाही. मात्र करार होण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत लोकांनी स्प्रेचे डबे घेणं कमी केलं होतं. १९७८ च्या तिथल्या बंदीची वाट त्यामुळेच सोपी झाली.

प्लॅस्टिकचं उलट आहे. करार करायचा असं मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं, पण दक्षिण कोरियातल्या बुसानची आणि ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची बैठक, दोन्ही निर्णयाविना संपल्या. उत्पादनावरच मर्यादा घालायची का, यावर गाडं अडलंय. तेल विकणाऱ्या देशांना ती नको आहे. मग उरतात माणसं. मुंबईचे वकील अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये वर्सोव्याचा किनारा साफ करायला घेतला, हजारो हात लागले आणि २०१८ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. हे काम मी फार मोठं मानतो. पण पावसाळ्यात भरतीबरोबर कचरा पुन्हा येतोच, कारण वरचा नळ चालू आहे.

म्हणून माझं मत असं: जिथं करार आहे तिथं त्याची अंमलबजावणी जिथं गळते तिथं लक्ष घाला. एसीचंच घ्या, त्यातले वायूही आता माँट्रियल कराराखालीच येतात. मेकॅनिक 'गॅस कमी झालाय, भरून देतो' म्हणाला की आधी लीकेज शोधायला लावा. जुना एसी काढताना व्हॉल्व्ह उघडून फुस्सकन गॅस हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये उतरवून घ्यायला सांगा. नवा घेताना स्टिकर वाचा: आर-४१०ए आणि आर-३२ हे एसीत भरले जाणारे वायू, त्यांत आर-३२ ची तापमानवाढीची क्षमता आर-४१०एच्या साधारण एक तृतीयांश आहे.

आणि प्लॅस्टिकसाठी महिन्यातले एक-दोन रविवार किनाऱ्यावर जरूर द्या, पण गोळा केलेल्या पाकिटांवरची कंपन्यांची नावं लिहून ठेवा. ती यादी फोटोंसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि आपल्या खासदाराकडे पाठवा. उत्पादकांनी आपल्या वेष्टनांचा कचरा परत घेण्याची जबाबदारी आपल्या नियमांत आधीपासूनच आहे.